नेक्रोमन्सी वाईट का? मेलेल्याला विचारलं कुणी?

पुलावरचा_दिवा

आमच्या शनिवारच्या डीअँडडीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ) डावात गेल्या आठवड्यात जे घडलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतोय. खेळणारे चार, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) दीड वर्षं चालू आहे, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) सहाव्या लेव्हलला पोचली आहे.

नदीकाठचं एक गाव. ग्नोलांच्या (तरसतोंड्या राक्षसांच्या) टोळीने संध्याकाळी हल्ला केला, त्यात गावातली चौदा माणसं गेली. पहाटे ते परत येणार हे नक्की होतं आणि हातात भाला धरू शकेल असं गावात फारसं कुणी उरलं नव्हतं. आमच्यातला एक जण नेक्रोमन्सर विझार्ड, म्हणजे मेलेल्यांवर जादू करणारा जादूगार, खेळतो. त्याच्याकडे तिसऱ्या लेव्हलचे तीन स्लॉट शिल्लक होते, म्हणजे तीनदा स्पेल (मंत्र) टाकता येणार होता. 'अ‍ॅनिमेट डेड' या स्पेलने एका वेळी एक प्रेत उठतं, पण सहाव्या लेव्हलच्या नेक्रोमन्सरला त्याच्या जोडीला आणखी एक उठवता येतं. एका स्पेलला एक मिनिट लागतं. मध्यरात्री, तीन मिनिटांत, देवळाच्या ओसरीवर चादरी पांघरून ठेवलेल्या चौदांपैकी सहा जण उठले आणि पुलाकडे चालू लागले.

झोंबी पाडला तरी कितीदा परत उठतो, हे ज्यांनी त्याच्याशी लढून पाहिलंय त्यांना सांगायला नको. त्या सहांनी पूल धरून ठेवला. बाकीचं अख्खं गाव वाचलं, लेकराबाळांसकट.

उजाडल्यावर एक म्हातारी पुलावर आली. त्या सहांतला एक तिचा मुलगा होता. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तिथल्या तिथे सुचलं, आणि एकदा सुचल्यावर गाळणं खोटेपणाचं वाटलं. ती त्याला हाका मारत राहिली. तो नदीपलीकडे बघत उभा, कारण त्याला हुकूम तेवढाच होता. म्हातारीच्या तोंडचं मीच बोलत होतो, पण चौथ्या हाकेनंतर मला पुढे बोलवेना.

मग वाद झाला. पॅलाडिन (व्रत घेतलेली धर्मयोद्धा) खेळणारी म्हणाली, माझं कॅरेक्टर या माणसासोबत पुढे एक पाऊल टाकणार नाही. नेक्रोमन्सर खेळणारा म्हणाला, मग पहाटे तू काय करणार होतीस ते सांग. तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि त्याच्याकडे म्हातारीसाठी उत्तर नव्हतं. रात्री दीडला खेळ थांबवला.

माझं मत सांगतो, मग तुमचं ऐकतो. मेलेल्याला जिवंत करणाऱ्या 'रेझ डेड' या स्पेलचे नियम वाचा. दहा दिवसांच्या आत, पाचशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा, वगैरे. पण त्यात एक अट अशी आहे की त्या आत्म्याची परत यायची इच्छा हवी आणि तो मोकळा हवा. म्हणजे माणसाला परत आणायचं असेल तर खेळाचे नियमच त्याला विचारायला लावतात. 'अ‍ॅनिमेट डेड'मध्ये हे कुठेच नाही. रक्ताचा थेंब, मांसाचा तुकडा, चिमूटभर हाडांचा भुगा, आणि शरीर तुमचं. जिवंत करायला परवानगी लागते, राबवायला लागत नाही. मला खटकतं ते इथे. काळी जादू, दुर्गंधी, कवट्या, यांचं मला काही वाटत नाही.

जुनी_पानं

प्रसंग वाचून सुन्न झालो. तुमच्या टेबलावर खेळायला आवडलं असतं.

नियमांचा इतिहास थोडा सांगतो, कारण 'पुस्तकात वाईट लिहिलंय' असं म्हणून लोक विषय संपवतात, पण पुस्तक स्वतःच या बाबतीत पन्नास वर्षं चाचपडत आलं आहे. खेळ १९७४चा. १९७८च्या प्लेअर्स हँडबुकात, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात, खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गायगॅक्सने म्हटलंय की मेलेल्यांना उठवणं हे मुळात चांगलं काम नव्हे, आणि चांगल्या अलाइनमेंटच्या (नैतिक कलाच्या) क्लेरिकने (जादू करणाऱ्या पुजाऱ्याने) ते नीट विचार करून, सबळ कारण असेल तरच करावं. म्हणजे दार बंद नव्हतं, लोटलेलं होतं. तुमच्या नेक्रोमन्सरचं कारण त्या जुन्या वाक्यात बसलं असतं. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत भाषा कडक झाली. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने तर स्पेलवर 'ईव्हिल' असा शिक्काच मारला. चांगल्या क्लेरिकला तो टाकताच येईना.

गंमत बघा, त्याच तिसऱ्या आवृत्तीत सांगाडे आणि झोंबी मात्र 'न्यूट्रल' होते. अक्कलच नाही, तर दुष्टपणा कुठून येणार? स्पेल दुष्ट, त्यातून उठलेला तटस्थ, हे जुळेना. म्हणून २००३च्या साडेतीन आवृत्तीत त्यांनाही 'न्यूट्रल ईव्हिल' करून टाकलं. निकाल आधी दिला आणि पुरावा नंतर जोडला, असं मला हे कायम वाटत आलंय. २०१४चं हँडबुक पुन्हा जुन्या सुरात सांगतं की अनडेड (मेल्यावर जादूने उठवलेले) घडवणं हे चांगलं कृत्य नाही आणि वारंवार करणारे दुष्टच असतात. का, ते तिथे सांगत नाही.

आणि जखमा बऱ्या करणारा 'क्युअर वूंड्स'? तो जुन्या आवृत्त्यांत नेक्रोमन्सीतच होता. जन्ममरणाच्या शक्तीशी खेळणारी विद्या ती नेक्रोमन्सी, असा तेव्हा सरळ अर्थ होता. २०००ला तो कॉन्ज्युरेशन या जादूच्या दुसऱ्या शाखेत गेला, २०१४ला इव्होकेशनमध्ये, २०२४ला अ‍ॅब्जुरेशनमध्ये. चांगलं म्हणून जे होतं ते उचलून दुसऱ्या घरात नेलं. 'रेझ डेड' तेवढा २०१४ला परत आला.

मिठाचा_खडा

मी नेक्रोमन्सरच्या बाजूने. 'डॉमिनेट पर्सन' घ्या. जिवंत, विचार करणाऱ्या माणसाच्या मनाचा ताबा घ्यायचा आणि त्याच्या हातून त्याच्याच मित्रावर वार करवायचे. 'मॉडिफाय मेमरी'ने त्याच्या आठवणी बदलायच्या. त्याला आतून सगळं सोसावं लागतं. एन्चांटमेंटच्या (मनावर ताबा घेणाऱ्या जादूच्या) पानावर मात्र 'वारंवार करणारे दुष्टच' असं कुठे लिहिलेलं नाही. ज्याला काही कळत नाही त्या मेलेल्या शरीराबद्दल एवढा कळवळा आणि ज्याला सगळं कळतंय त्याच्याबद्दल काहीच नाही? आमच्या टेबलावर एन्चांटर बार्डला (गाण्यातून जादू करणाऱ्याला) सगळे टाळ्या देतात. मला ते बघवत नाही.

पुलावरचा_दिवा

@मिठाचा_खडा, हे पटलं. पण यातून एन्चांटमेंट तपासायला हवी हे सिद्ध होतं, नेक्रोमन्सी सुटते असं नाही. दोन्हीकडे परवानगी नाहीच.

डिसेक्शन_हॉल

डीअँडडी दोन वर्षं खेळतेय, त्याआधीपासून वैद्यकीय शिकतेय. 'परवानगी' या शब्दावर मला लिहायचं आहे.

मेलेल्या माणसाच्या शरीराचा उपयोग जिवंतांसाठी करणं, हे आमच्याकडे रोज होतं. त्याचा इतिहास फार वाईट आहे. १८२८ साली एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा खून केले, कारण शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. नॉक्सकडे ताज्या प्रेताला पैसे मिळत. बर्कला १८२९मध्ये फाशी झाली आणि त्याचं विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा आजही एडिंबरात जपून ठेवलेला आहे. मग १८३२चा अ‍ॅनाटमी अ‍ॅक्ट आला. त्याने प्रेतचोरी थांबली, पण कशी? दरिद्री लोकांच्या वर्कहाऊसमध्ये मेलेल्या बेवारस गरिबांची शरीरं कायद्याने मिळू लागली म्हणून. चोरी थांबली, शरीरं गरिबांचीच राहिली. आपल्याकडचा १९४९चा बॉम्बे अ‍ॅनाटमी अ‍ॅक्टही बेवारस मृतदेहांबद्दलच सुरू झाला.

आणखी एक. पाश्चात्त्य देशांतल्या कॉलेजांत वर्गाच्या कोपऱ्यात खुंटीला टांगलेला जो खरा मानवी सांगाडा असायचा, त्यांतले कितीतरी भारतातून गेलेले होते. कोलकाता हे त्या व्यापाराचं मोठं केंद्र. भारत सरकारने १९८५ला मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या सांगाड्यांना कुणी विचारलं नव्हतं. खेळात माझ्यासमोर टेबलावर सांगाड्याची छोटी मूर्ती येते तेव्हा दर वेळी हा विचार येतो: हा कोण होता, याचं शरीर इथवर कसं आलं, आणि याच्या जागी गावच्या जहागीरदाराचं प्रेत का नाही? तुमच्या गावातल्या चौदांपैकी तुमच्या नेक्रोमन्सरने कोणते सहा निवडले होते?

आमच्या कॉलेजात पहिल्या दिवशी मृतदेहासमोर उभं राहून शपथ घ्यायला लावतात. तो दिवस मी विसरणार नाही. ज्यांनी देहदान केलंय त्यांनी जिवंतपणी कागदावर सही केलेली असते. त्या एका सहीने त्या टेबलावरच्या माणसाशी आमचं नातं बदलतं. 'वापर' आणि 'दान' यांत शरीराच्या दृष्टीने काही फरक नाही. सुरी तीच चालते.

पुलावरचा_दिवा

@डिसेक्शन_हॉल, तुमचा प्रश्न मी जाऊन आमच्या खेळाडूला विचारला. त्याने सहा धडधाकट निवडले होते. पाच शेतमजूर, एक लोहाराचा मदतनीस. गावच्या मुखियाचा भाऊही त्या ओसरीवर होता. त्याला हात लावायचं त्याच्या मनातही आलं नाही, म्हणाला. आम्ही दोघंही त्यावर बराच वेळ गप्प होतो.

आरवलीकडची

आमच्या सिंधुदुर्गात हा विषय वेगळ्या वाटेने येतो. वेताळ म्हणजे प्रेतात शिरणारा, स्मशानात राहणारा, भुतांचा राजा. पण आरवलीत तोच वेतोबा, ग्रामदेव. रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्याला हातभर लांब चामड्याच्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. चपला झिजतात असं आजी सांगायची, आणि झिजलेल्या दाखवायचीही. गोव्यात आमोण्याला, पैंगिणीला बेताळाची देवळं आहेत. मृत्यूच्या कडेवरचं कुणीतरी गावाच्या वेशीवर राखणीला उभं आहे, ही कल्पना आमच्या अंगवळणी पडलेली. म्हणून तुमचा पुलावरचा प्रसंग वाचताना मला आधी भीती वाटली नाही, ओळखीचं वाटलं. म्हातारी आली तेव्हा गळा दाटला.

वेताळ पंचविशीची गोष्ट मात्र नीट आठवा. अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागरात ती सांगितली आहे. भिक्षू राजाला स्मशानात पाठवतो, झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन ये म्हणतो. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्टी सांगतो आणि न्यायाचे प्रश्न विचारतो. शेवटी कळतं की प्रेत ज्याला हवं होतं तो भिक्षूच राजाचा बळी देणार होता. दुष्ट कोण ठरलं? ज्याला सत्तेसाठी प्रेत हवं होतं तो. प्रेताची भीती त्या गोष्टीत नाहीच. उलट तेच राजाला विचार करायला लावतं.

सात_चाव्या

डीएम लोकांना एक विनंती, वादाच्या मधेच करतेय. टेबलावर कुणाच्या घरी नुकतं कुणी गेलं असेल तर असा प्रसंग फार खोल लागतो. सेशन झीरोला (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) विचारून ठेवा. माझ्या टेबलावर एकदा विचारलं नव्हतं. एक मुलगी कॅमेरा बंद करून गेली ती त्या कॅम्पेनमध्ये परत आलीच नाही.

पुलावरचा_दिवा

@सात_चाव्या, विचारलं होतं. पण पुढच्या वेळी पुन्हा विचारेन. दीड वर्षात माणसांच्या घरी काय काय होतं.

तीन_डी_सहा

परवानगीवर एवढी चर्चा चाललीय तर नियमांतच सोय आहे की. पार्टीत क्लेरिक असेल ना? 'स्पीक विथ डेड' टाका. पाच प्रश्न विचारता येतात. पहिलाच प्रश्न: तुझं शरीर तुझ्या गावासाठी वापरू का? हो म्हणाला तर उठवा, नाही म्हणाला तर चादर परत ओढा. अनडेड झालेल्या प्रेतावर हा स्पेल चालत नाही, म्हणून क्रम पाळायला हवा. आधी प्रश्न, मग 'अ‍ॅनिमेट डेड'.

जुनी_पानं

@तीन_डी_सहा, मीही असंच म्हणणार होतो, पण स्पेल पुन्हा वाचला आणि अडलो. त्यात आत्मा परत येतच नाही. शरीराला चालवणारी जी चेतना होती तिचा अंश फक्त बोलतो. जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच त्याला माहीत. नवीन काही कळत नाही, मेल्यानंतर काय घडलं ते समजत नाही, आणि पुढे काय होईल याचा अंदाज करता येत नाही.

आता सांगा, ज्याला उद्या पहाटेची कल्पनाच करता येत नाही त्याचा होकार हा होकार आहे का? त्याला 'गाव धोक्यात आहे' हे तुम्ही सांगितलंत तरी त्याच्यात ते रुजत नाही.

तीन_डी_सहा

मान्य. पण मग प्रश्न बदला. 'उठवू का' विचारूच नका. 'गावासाठी तू काय केलं असतंस', 'मेल्यावर शरीराचं काय व्हावं असं तुला वाटायचं', हे विचारा. त्याची जिवंतपणीची मतं तर त्याच्यात आहेत ना? घरातलं माणूस बोलू शकत नसेल तेव्हा आपण हेच करतो. त्याला काय हवं असायचं ते आठवतो. आणि तुमच्याशी वैर असेल तर प्रेताला खरं बोलायचं बंधन नाही, हेही त्याच स्पेलमध्ये आहे. म्हणजे नकार द्यायची थोडी मोकळीक तरी त्याला आहे.

डिसेक्शन_हॉल

हे मला पटलं. पूर्ण होकार नाही, पण विचारल्याशिवाय घेण्यापेक्षा फार बरं.

सिगिलचा_प्रवासी

अख्खी जगं या प्रश्नावर रचली गेली आहेत. 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' या १९९९च्या संगणकावरच्या खेळात डस्टमेन नावाचा पंथ आहे. जिवंतपणीच पैसे देऊन ते माणसाशी करार करतात, मेल्यावर तुझं शरीर आमचं. सही आहे, पैसे आहेत, जबरदस्ती नाही. तरी तिथे सही करणारे कोण, तर ज्यांच्याकडे विकायला दुसरं काही उरलेलं नाही असे. असा एक करार समोर आल्यावर मी खेळ बंद करून बसलो होतो.

२००४च्या एबेरॉन या डीअँडडीच्या जगात दोन टोकं शेजारी ठेवलीत. कार्नाथ या राज्याने दीर्घ युद्धात, दुष्काळ आणि रोगराईने सैन्य आटल्यावर, मेलेले सैनिक पुन्हा उभे केले. आणि एरेनालचे एल्फ आपल्या थोर पूर्वजांना मरणापलीकडे जपतात, त्यांचा सल्ला घेतात, ते वंशजांच्या भक्तीवर टिकतात. एकीकडे मेलेला हा साठा आहे, दुसरीकडे घरातला वडीलधारा.

मिठाचा खडा म्हणतात तसं प्रेताला काही कळत नसेलही. पण माझी अडचण दुसरी आहे. चोवीस तासांनी ताबा सुटतो. पुन्हा स्पेल टाकून चार जणांवरचा ताबा राखता येतो. तुमच्या सहांसाठी रोज दोन स्लॉट. एक दिवस विझार्ड आजारी पडला, पकडला गेला, मेला, की तेच सहा जण ज्या गावासाठी उभे होते त्याच गावावर चालून जातील. तेव्हा त्या म्हातारीसमोर तिचा मुलगा कसा येईल याचा विचार करा. 'मी वाईट वागणार नाही' एवढं इथे पुरत नाही. आपण नसलो तर काय, याची सोय आधी लावायला हवी.

काळी_शाई

तो नेक्रोमन्सर मी खेळतो. सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा.

माझ्या आजोबांनी देहदान केलं होतं. मी तेव्हा नववीत होतो. स्मशानाऐवजी गाडी मेडिकल कॉलेजकडे गेली. आत्या रडत होती की अग्नीसुद्धा नाही मिळाला. आणि बाबा म्हणाले, ते अजून शिकवायला निघालेत. आजोबा शिक्षक होते. ते वाक्य माझ्यात राहिलं. हे कॅरेक्टर मी तिथूनच घडवलं. मेल्यावरही उपयोगी पडणं यापेक्षा मोठा मान नाही, असं तो मानतो, आणि मीही मानतो. म्हणून त्या रात्री 'अ‍ॅनिमेट डेड' टाकताना मला एक क्षणही वाईट वाटलं नाही.

'डिसेक्शन_हॉल' यांनी सहीबद्दल लिहिलंय ते वाचून थांबलो. आजोबांचा फॉर्म आमच्या कपाटात आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, त्यातली एक आजीची. त्या सहा जणांच्या बाबतीत मी स्वतःच आजोबा झालो, आजी झालो आणि कॉलेजही झालो.

आणि मजूर निवडले, ते का निवडले हे मला आधी दिसलंच नव्हतं.

गाव वाचवलं याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा तीच पहाट आली तर पुन्हा उठवेन. पण त्या सहांना आता विचारता येत नाही, ते अनडेड आहेत, 'स्पीक विथ डेड' चालणार नाही. उरलेल्या आठांवर आज रात्री 'जेंटल रिपोज' टाकायला सुरुवात करणार आहे, डोळ्यांवर तांब्याचं एक-एक नाणं ठेवून. दहा दिवस त्यांना कुणी उठवू शकणार नाही. तोही नेक्रोमन्सीचाच स्पेल आहे.

आणि म्हातारीकडे जाणार आहे. पॅलाडिनने सोबत यावं अशी विनंती करणार आहे.

पुलावरचा_दिवा

हे त्याने मला आधी सांगितलं नव्हतं, इथेच वाचतोय. आजोबांचंही.

पॅलाडिन खेळणारीशी बोललो. ती म्हणाली, कॅरेक्टर येईल, पण बोलणार नाही, शेजारी उभी राहील. क्लेरिक म्हणतोय की ताबा संपायच्या आत सहाही जणांना पाडून विधिपूर्वक पुरू या, फ्युनरल राइट करू, म्हणजे सात दिवस तरी कुणाचा हात लागणार नाही. पण टोळीतले अकरा ग्नोल अजून जिवंत आहेत आणि नदीला उतार आहे.

गावात आत्ता सकाळ आहे. स्पेल मध्यरात्रीचा. सेशन शनिवारी साडेनऊला. म्हातारीला तो काय विचारणार हे आता मला माहीत आहे, आणि ती काय म्हणेल ते मला अजून ठरवता आलेलं नाही.